ह्यांच्या इसबाचं कारण मी

आमच्या घराण्यात एखादी गोष्ट ठरली की ठरली. पुरावा वगैरे मागायचा नसतो. तसं हेही एकदा ठरून गेलं, की ह्यांच्या अंगावर जो इसब उठतो तो माझ्यामुळे उठतो. सासूबाईंनी हळहळत मान्य केलं, धाकट्या दिरांनी “असू शकतं” म्हणून मान डोलावली, आणि वन्संनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीने, तर मुळात शोधच लावला होता. मला कोणी विचारलं नाही. आरोपीला काय विचारायचं?

आता आरोपीची बाजू ऐका. ऐकायची नसेल तरी ऐका, कारण मी सांगणारच आहे.

आमचे हे लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतात. कंपनी म्हणजे फार मोठं काही नाही. खाली वर्कशॉप, ग्रीसचा वास, भिंतीला टेकवून ठेवलेले लिफ्टचे जुने दरवाजे, आणि मालकांच्या ऑफिसात जाणाऱ्या लोखंडी जिन्याखाली ह्यांची खोली. खिडकी नाही. एक टेबल, एक फोन, आणि एक पंखा, जो वारा देत नाही, नुसता आवाज करतो. आधी तिथे दोघे बसायचे, आता हे एकटेच. शहरात कुठेतरी लिफ्ट बंद पडते, आत कोणीतरी अडकतं, घाबरून आतल्या पाटीवरचा नंबर लावतं, आणि इकडे हे फोन उचलतात. कंपनीची पद्धत अशी की पहिलं वाक्य ठरलेलं: “घाबरू नका, आमचा माणूस निघालाय.” मेकॅनिक आहेत दोन. एक रजेवर आणि दुसरा कुठल्यातरी गच्चीवर कोपरापर्यंत ग्रीसमध्ये असला, तरी माणूस निघालेलाच असतो. मालकांचं म्हणणं असं की खरं सांगितलं तर लोक आतून दरवाजा बुकलतात, मग तो दरवाजा कंपनीच्या गळ्यात पडतो.

हे वाक्य ह्यांच्याइतकं गोड कोणाला म्हणता येत नाही. आवाज म्हणजे कोमट दूध! सुटका झालेली माणसं मागाहून फोन करून आभार मानतात. एका बाईंनी तर सांगितलं, तुमच्या आवाजानेच माझी निम्मी भीती पळाली. ही बातमी ह्यांनी मला घरी येऊन लाजत लाजत दिली. मी म्हटलं, उरलेली निम्मी माझ्याकडे पाठवा, मी घालवते.

तर तोच आवाज संध्याकाळी घरी येतो.

“अहो, स्वयंपाकघरातला नळ गळतोय.”

“सांगितलंय मी त्याला. येईल.”

“अहो, तुमच्या ताईंना सांगा जरा, न विचारता माझी कपाटं लावत जाऊ नका म्हणून.”

“सांगतो ना.”

कपाळाला आठी नाही, आवाजात चढ नाही. नळाखाली मी बादली लावलेली, ती भरते, मी ओतते, परत लावते, आणि नळवाला आपला येतोच आहे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत निदान आवाज तरी करते. एका घरात नवराबायकोने मिळून जेवढं बोलायचं असतं तेवढं सगळं मी एकटी बोलते. शेजाऱ्यांना ऐकू जातो तो फक्त माझा आवाज. त्यामुळे चारचौघांत ह्यांची कीर्ती देवमाणूस, आणि माझी, खाजवून खरूज काढणारी.

आणि खाजवत मात्र हे असतात.

सासूबाई सांगतात, हा पाळण्यात होता तेव्हाच कोपराच्या घडीत लाल चट्टे होते, ओरबाडू नये म्हणून हातांना कापडी पिशव्या बांधायचो. मोठेपणी ते गेलं. गेलं म्हणजे दबा धरून बसलं. अलीकडे परत आलं, ते कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर आणि बोटांच्या पेरांवर. कातडी आधी लाल, मग ओली, मग सुकून तडकलेली. पेरांना भेगा पडल्या तेव्हा हात मिठाला लागला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून चमच्याने जेवायला लागले. पांढऱ्या उशीवर रोज ठिपके. मी ते थंड पाण्याने धुऊन काढायची आणि तोंडाने म्हणायची, “नखं कापा, नखं कापा.” दुसरं काय म्हणणार? तो माणूस अंग फाडतोय, आणि विचारलं तर कोमट दूध. “काही नाही गं, थोडी खाज आहे.” थोडी! मला रडू यायचं, पण मी रडले असते तर त्याचाही दोष माझ्याच खात्यावर पडला असता.

शेवटी मीच त्यांना ओढत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वन्सं आल्याच. त्यांना कोणी बोलवावं लागत नाही. बाईंनी हात उलटेपालटे करून बघितले, मान बघितली, लहानपणी होतं का विचारलं. मग ह्यांना विचारलं, “मनावर काही ताण वगैरे?”

“छे हो, कसला ताण?” मी म्हटलं. “ह्यांना कधी राग सुद्धा येत नाही.”

“मी त्यांना विचारलं,” बाई म्हणाल्या.

हे माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “नाही, तसं काही नाही.”

बाईंनी दोन मलमं लिहून दिली. एक लाल चट्ट्यांवर लावायचं, दुसरं घट्ट, ते अंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच सगळीकडे. कढत पाणी नको, वासाचा साबण नको. हे सगळं त्यांनी चांगलं सावकाश, समजावून सांगितलं. आणि उठता उठता एक वाक्य टाकलं, “मनाचाही यात थोडा भाग असू शकतो, ताण वाढला की हे उसळतं.”

झालं! एवढ्या मोठ्या बोलण्यातून वन्संनी नेमकं तेवढंच वेचून घेतलं, आणि तेही अर्धं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्या म्हणाल्या, “बघ, मनातलं आहे सगळं.” आणि माझ्याकडे बघितलं. वन्संचं बघणं म्हणजे बघणं नसतं, निकालपत्र असतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं, की बिचारा मनातल्या मनात कुढतो आणि ते कातडीवर उठतं. कोणापायी कुढतो हे सांगायची गरजच नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग वन्संनी भावाला माहेरपणाला नेलं. हो, माहेरपणालाच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. “थोडे दिवस शांततेत राहू दे त्याला,” त्या म्हणाल्या, आणि ‘शांततेत’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला की शेजारच्या बाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. ह्यांनी साठलेली रजा टाकली. त्यांना जायचं होतं की नव्हतं, देव जाणे. “जातो,” म्हणाले. ते कशालाही “जातो” म्हणतात. मलमाच्या दोन्ही ट्यूबा आमच्या बाथरूमच्या फळीवरच राहिल्या. मी हाक मारून आठवण केली, तर वन्संनी जिन्यातूनच सांगितलं, “मनाचं दुखणं आहे, वरून चोपडून काय होणार?” दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, हे मला ठाऊक होतं. इथे तर म्हैसही राहिली बाजूला आणि पखालही. मलाच दावणीला बांधून सगळे मोकळे झाले.

आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. त्यांची कातडी सुधारली.

वन्संनी ह्यांच्या कोपराचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. नुसता कोपर. खाली लिहिलं, “बघा, किती फरक!” त्यावर सगळ्या घराण्याने अंगठे दाखवले, दिरांनी टाळ्या वाजवल्या. एवढं कौतुक लग्नाच्या फोटोंचं सुद्धा झालं नव्हतं. मी तो कोपर मोठा करकरून बघितला. खरोखरच बरा होता. मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला उभी राहिले, आणि त्या गळक्या नळाखाली हात धरून रडले. सांगून टाकते, लपवायचं काय त्यात? इतकी वर्षं मी ज्याच्या उशा धुतल्या, तो माझ्यापासून चार गल्ल्या लांब गेला आणि बरा झाला. मग वन्सं खरंच म्हणत होत्या की काय? मीच आहे की काय तो इसब?

हे परत आले तोवर मी संत व्हायचं ठरवलं होतं.

मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते त्या आठवड्यात मला विचारावं. ओला टॉवेल पलंगावर पडला, मी हसत उचलला. वन्संनी फोनवर “त्याला जप हं” म्हटलं, मी “हो” म्हटलं. नळ गळत होता, मी त्याच्याकडेही प्रेमाने बघितलं. फळीवरच्या मलमाची आठवणसुद्धा केली नाही, ती कटकट नको म्हणून. आमचं घर इतकं शांत झालं की शेजारच्या बाई वाटी मागायच्या निमित्ताने डोकावल्या आणि हळूच विचारून गेल्या, “सगळं ठीक आहे ना? कोणी आजारी तर नाही?”

हे कामावर जायला लागले. आणि बघता बघता इसब असा उसळला, की आधीचा बरा म्हणायची पाळी आली. कोपरं, मान, बोटं, आता पापण्यासुद्धा. वन्संचा फोन आलाच. “घरी गेला आणि बघ!” त्या म्हणाल्या.

घरी गेला? अहो, घरी मी श्वास सुद्धा हळू घेत होते! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, ते ऐकून होते. इथे मी खरोखरची संन्यासी झाले, तरी फाशी टळेना. त्या दिवशी माझं डोकं सटकलं. हे डबा विसरून गेले होते. एरवी मी म्हटलं असतं, राहा उपाशी. त्या दिवशी डबा उचलला, फळीवरच्या ट्यूबा पिशवीत टाकल्या आणि निघाले.

इतक्या वर्षांत मी ह्यांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. लोखंडी जिन्याखाली, दार अर्धं उघडं. बाहेर बाकावर मेकॅनिक बसला होता, हातात चहाचा ग्लास, पायाशी हत्यारांची पिशवी. मी आत डोकावले तेवढ्यात फोन वाजला. लिहायला हात मोकळा राहावा म्हणून ह्यांनी स्पीकर लावला.

“अहो, मी मघाशी पण फोन केला होता,” एक म्हातारा आवाज आला. “लिफ्टमध्ये आहे अजून. दोन मजल्यांच्या मध्ये.”

“घाबरू नका, काका,” हे म्हणाले. तेच, कोमट दूध. “आमचा माणूस निघालाय.”

उजव्या हाताने पत्ता लिहीत होते. आणि डावा हात उजव्या हाताखालून गेला होता. तो उजव्या कोपराच्या आत शिरून नखांनी असा ओरबाडत होता, की बाहीवर रक्त उमटलं. चेहऱ्यावर मात्र तेच हसू. त्यांना पत्ताच नव्हता, आपला हात काय करतोय. मी दारात उभी राहून बघत राहिले.

मग मी बाकावरच्या माणसाकडे वळले. “का हो, तुम्ही निघालाय ना?”

“निघतोय की,” तो म्हणाला. “चहा झाला की.”

“अगं, तू कशी इथे?” हे उठले आणि कुजबुजले, “हळू बोल, फोन चालू आहे. ही पद्धत आहे इथली.”

एक आठवडा गिळलेले मूग एकदम वर आले. मी टेबलाशी गेले, फोनवर वाकले आणि म्हटलं, “काका, माणूस निघालेला नाही. इथे बाहेर बसून चहा पितोय. आता त्याला मी उठवते.”

हे पांढरेफटक पडले. मेकॅनिकचा ग्लास तोंडाशीच थांबला. मला वाटलं, गेला आता म्हातारा घाबरून, दरवाजा बुकलणार, आणि दरवाजा कंपनीच्या नाही, माझ्या गळ्यात पडणार.

“असं होय,” काका म्हणाले. “मग यायला किती वेळ लागेल त्यांना? खरं सांगा.”

मी मेकॅनिककडे बघितलं. तो ओशाळून म्हणाला, “पाऊण तास तरी.”

“पाऊण तास,” मी सांगितलं.

“बरं झालं सांगितलंत,” काका म्हणाले. “मग मी खाली बसतो. आत्ता येतील, आत्ता येतील म्हणून मघापासून उभाच आहे. गुडघे दुखायला लागले.”

त्यांच्या पिशवीचा आवाज आला, मग म्हाताऱ्या माणसाचं कण्हत कण्हत खाली टेकणं ऐकू आलं. मेकॅनिकने ग्लास बाकावर ठेवला, पिशवी उचलली आणि निघाला. ह्यांनी फोनकडे बघितलं, मग आपल्या रक्ताळलेल्या बाहीकडे. कोणी दुसऱ्याच माणसाची बाही असावी तसं बघत होते.

“काका,” ते म्हणाले, आणि ह्या वेळी आवाजात दूध नव्हतं, घोगरा होता. “मी आहे लाईनवर. ते येईपर्यंत आहे.”

मी डबा आणि ट्यूबा टेबलावर ठेवल्या आणि घरी आले.

ह्यावर मालक खूप ओरडले म्हणे. पण ह्यांनी त्यानंतर ते वाक्य म्हणणं सोडलं. माणूस निघाला असेल तर निघाला म्हणायचे, नाहीतर, “वेळ लागेल, खाली बसून घ्या.” मालक फारच अंगावर आले तेव्हा हे शांतपणे उठले आणि खुर्ची पुढे करून म्हणाले, “मग तुम्ही घ्या फोन.” मालकांनी घेतला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकले. दरवाजा अजून एकही बदलावा लागलेला नाही, पण मालक ते कबूल करायचे नाहीत.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंकडे आम्ही दोघंच गेलो. वन्संना सांगितलंच नाही. बाईंनी कोपर बघितले आणि विचारलं, “मलम बंद कोणी केलं?” मी अगदी आनंदाने सांगितलं कोणी केलं. बाई वैतागल्या. “मनातलं आहे, असं मी कधी म्हटलं? कातडी जन्मापासून नाजूक आहे ह्यांची. ताणाने ते भडकतं, पण म्हणून मलम फेकून द्यायचं? मलमही लावायचं आणि ताणाचंही बघायचं.” मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. “आता परत विचारते. काही ताण?”

माझं तोंड सवयीने उघडलं. मी ते हाताने बंद केलं.

“आहे,” हे म्हणाले. “लोकांशी खोटं बोलत होतो त्याचा होता. अजून मालकांचा आहे. मग ताईचा. तिने मला उचलून नेलं, मला जायचं नव्हतं.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हे वाक्य ग्रुपवर टाकावं, खाली कोपराचा फोटो लावावा.

“आणि हिचा,” ते म्हणाले.

“माझा?”

“तुझा. मी चप्पल काढायच्या आत तू सुरू होतेस. मला आल्यावर थोडा वेळ गप्प बसायचं असतं.”

बाई खाली मान घालून लिहीत राहिल्या. मला राग आला. सणसणून आला. म्हणजे वन्सं थोड्या का होईना, बरोबर होत्या. हे तुम्हाला सांगतेय ते वन्संच्या कानावर जाता कामा नये. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा खरं बोलला, आणि काय बोलला तर हे. पण मधेच चोरून बघितलं तर त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, मोकळे, स्वस्थ.

घरी आलो. त्यांनी चप्पल काढली. मी तोंड मिटून उभी राहिले, खूप वेळ, म्हणजे माझ्या मानाने खूप वेळ. बादली काठोकाठ भरली होती. मी ती ओतली, परत नळाखाली लावली, आणि शेवटी राहवलं नाही.

“अहो, नळवाल्याला सांगितलं होतंत ना?”

ते कोमट दूध त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. हात कोपराकडे निघाला. मग मध्येच थांबला.

“नाही!” ते म्हणाले. आवाज चढला होता, शेजारी गेला असणार. “नाही सांगितलं! एकदाही नाही! मला असल्या लोकांच्या मागे लागायचा कंटाळा येतो, आणि तू विचारलंस की राग येतो. मी त्याला सांगणारही नाही. तुला हवा तर तू बोलव!”

म्हणजे कोणी निघालेलंच नव्हतं.

मी खुर्ची ओढली आणि खाली बसले. पाय भरून आले होते, कधीची उभी होते मी.